बावन्न अंश

ती पोट्टी पहिल्यांदा आली ती माझी गच्ची मागायला. डिसेंबरचे दिवस होते, मी ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलून राहिले होते. फाटक वाजलं म्हणून मान वर केली, तर पाठीवर पिशवी, पायात पुरुषी बूट आणि हातात जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखं काहीतरी घेऊन एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी उभी.

"आंटी, आपकी छत कितनी ऊँची है?" म्हणाली.

माझं हे असंच आहे, तोंडातून आधी मराठी निघते. "काहून, उडी माराची हाय काय?"

ती जरा वेळ पाहत राहिली आणि मग एकदम हसली. "तुम्ही मराठी हाय? मी अमरावतीची."

झालं. शेंगा राहिल्या बाजूला. रायपुरात आमच्या मराठी माणसांची कमी नाही, पण आमची पोरं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. माझा मुलगा तसाच. त्यामुळे कोणी तरुण माणूस माझ्या बोलीत परत बोललं की मला पाहुणा आल्यासारखं वाटते. (लिहिताना मी 'मला' लिहिते, बोलताना 'मले'. शाळेतल्या बाईंनी पट्टी मारून शिकवलेलं अजून हातात आहे, जिभेत मात्र ते कधी उतरलं नाही.)

आमचं घर गल्लीतलं शेवटचं. गुढियारीचं रेल्वे क्वार्टर सोडून आम्ही दोघं इथं आलो. वरचा मजला मुलासाठी बांधला, तो बंगलोरला गेला. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. वरच्या खोल्या बंदच असतात, आठ दिवसांनी एकदा झाडते. घराच्या मागं अमराई, अमराईला लागून तलाव, आणि पलीकडं राइस मिलपर्यंत शेतं. गच्चीवर चढलं की हे सगळं दिसते.

त्या पोट्टीला दिसायला नको होतं, ऐकायला पाहिजे होतं. तिनं चहा पिता पिता मला समजावलं. मुठीएवढं घुबड असते, डोक्यावर दोन पिसांची शिंगं. हिवाळ्यात हिमालयाकडून इथं येते आणि इथं असेपर्यंत तोंडातून आवाज काढत नाही, म्हणून इथल्या माणसांना ते आहे हेच माहीत नसते. तिनं जाळं लावून अशी पाच घुबडं पकडली होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर शेंगदाण्याएवढं रेडिओचं यंत्र बांधून सोडून दिली होती. त्या यंत्राचा टिक-टिक आवाज तिच्या रिसीव्हरमध्ये येई. होळीच्या आसपास ही घुबडं परत जातात. पण नेमकी कोणत्या रात्री, किती वाजता आणि कोणत्या बाजूनं, हे आपल्या भागात कोणालाच माहीत नाही. तिची पीएचडी त्यावर होती.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच मावशी. दोन वर्षं झाली."

तलावाच्या पलीकडच्या बांधावर ती स्वतः जीप घेऊन उभी राहणार होती, ड्रायव्हर सोबत घेऊन. दुसरं माणूस माझ्या गच्चीवर. दोघांनी एकाच मिनिटाला अँटेना फिरवायचा, आवाज सगळ्यात मोठा जिकडून येईल तिकडचा अंश होकायंत्रावर पाहायचा. दोन अंशांच्या दोन रेघा नकाशावर मारल्या की जिथं त्या कापतात तिथं घुबड. गच्चीवर कोणाला तरी पगारानं ठेवायचं, असं तिच्या मनात होतं. मी म्हटलं, ते हेडफोन इकडं आण पाहू.

आता हे सांगितलं पाहिजे की मी चौतीस वर्षं रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लागले तेव्हा समोर भोकाभोकांचा बोर्ड होता आणि हातात दोऱ्या. डोंगरगढहून कोणी बोलला की मध्ये पावसासारखी खरखर, आणि त्या खरखरीतून माणसाचा आवाज वेचायचा. जिवाचा कान करून ऐकणं काय असते हे मला कोणी शिकवायला नको. मी हेडफोन लावले. ती म्हणाली, "इथून काही येत नसन मावशी, आता दिवस हाय, ते खाली झाडात बसून असन." मी हात वर करून तिला गप्प केलं. खरखरीच्या मागं, फार मागं, टिक. मग टिक. मी बोटानं दाखवलं तिकडं. तिनं हेडफोन आपल्या कानाला लावले, डोळे मिटले, कितीतरी वेळानं तिला ऐकू आलं. मग ती माझ्याकडं अशी पाहू लागली जसं कोणी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

तर अशी मी कामाला लागले. शेजारीण म्हणाली, "दीदी, उल्लू के पाछू काबर परे हव?" घुबडाच्या मागं कशाला लागलीस, घुबड अपशकुनी, असं तिचं म्हणणं. आमच्या घरी शकुन-अपशकुन कधी मानले नाहीत. मी तिला म्हटलं, रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. तिला ते समजलं नाही, बरंच झालं.

रात्री नऊ ते दोन. दर अर्ध्या तासाला माझा मोबाइल वाजे आणि ती म्हणे, "मावशी, अंश?" मी अँटेना फिरवे, टॉर्चला लाल कागद लावलेला असे त्याच्या उजेडात होकायंत्र पाहे आणि आकडा सांगे. ती तिचा सांगे. दोघी आपापल्या वहीत लिहीत. काम दोन मिनिटांचं. पण मग ती विचारे, जेवल्या काय, मी विचारे, शाल घेतली काय वं, आणि असं करता करता पाच मिनिटं, दहा मिनिटं जात. तिची आई लहानपणी गेली हे मला तसंच कळलं, जानेवारीतल्या एका रात्री, साडेअकराच्या फोनवर. ती पुरानी बस्तीत खोली घेऊन राहते आणि घरमालकीण तिला रात्रीच्या कामावरून टोमणे मारते, हेही.

याआधी माझा फोन आठवड्यात दोनदा वाजे. एकदा रविवारी मुलाचा, "माँ, सब ठीक?" आणि एकदा कर्ज देणाऱ्या कंपनीच्या बाईचा. तिच्याशीही मी कधीकधी लांबण लावे, ती बिचारी कंटाळून ठेवून देई. आता रात्रीत दहा-अकरा वेळा वाजू लागला. खरं सांगते, लाज नाही वाटत, मी त्या फोनसाठी दिवस ढकलून राहिले होते. दुपारी झोप काढे ती रात्री ताजं राहता यावं म्हणून. पंडरीच्या कापडबाजारात जाऊन नवी गरम शाल आणली. इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही आणलं नव्हतं.

घुबडं मात्र एकेक कमी होत गेली. एकाला मांजरीनं धरलं. एकाचं यंत्र गळून तलावाच्या गाळात सापडलं. दोघांचे आवाज जानेवारीतच बंद पडले. ती म्हणाली, यंत्रच खराब निघाली असतील, त्यांचं आता काही कळायचं नाही. राहिलं एक. फेब्रुवारीपासून आमच्या दोघींचं सगळं काम त्या एका घुबडावर होतं.

"हे एक तरी माझ्यासमोर गेलं पाहिजे मावशी," ती म्हणे. "हे निघालं त्या रात्रीची वेळ मिळाली की माझी दोन वर्षं वाया नाही गेली. मग मी खोली सोडून अमरावतीले, लिहायले मोकळी."

ती हे आनंदानं सांगे. मी हो हो म्हणे. ते घुबड गेलं की ती जाणार. मी मनातल्या मनात त्या घुबडाला म्हणे, बस बाप्पा, काय घाई आहे, इथं काय कमी आहे तुला.

त्याचं एक ठरलेलं झाड होतं. तलावाकाठचा जुना आंबा, माझ्या गच्चीवरून बावन्न अंश. अंधार पडला की तिथून निघे, मग रात्रभर कधी साठ, कधी पस्तीस, कधी शेताकडं नव्वद. ते झाड तिच्या बांधावरून आडोशाला येई, बांध खोलात. तिला तिथला आवाज पुष्कळदा लागतच नसे आणि ती माझ्या आकड्यावर चाले.

होळीच्या चार दिवस आधीची गोष्ट. मी सातलाच गच्चीवर गेले. काम नऊचं होतं, पण खाली करायचं काय? टीव्ही लावला की घर अजूनच मोकळं वाटते. हेडफोन लावून बसले, उगाच, सोबत म्हणून. अंधार पडून गेला होता, तरी त्या दिवशी बावन्न अंशावरच टिक-टिक चालू होती. आणि मग एकदम तो आवाज मोठा झाला. इतका स्वच्छ की मी बटण फिरवून कमी केला. मला वाटलं, माझ्या कठड्यावरच येऊन बसलं. अँटेना फिरवला, चाळीस. परत फिरवला, पंचवीस. दहा. मग सरळ उत्तर. मला तिनं सांगून ठेवलं होतं: ते जेव्हा निघेल तेव्हा आधी उंच जाईल, आणि उंच गेलं की आवाज मोकळा होईल, मध्ये झाडं-घरं राहणार नाहीत.

मी उभी राहिले. अँटेना धरलेला हात भरून आला तरी खाली घेतला नाही. टिक-टिक बारीक होत गेली. मी श्वास धरून ऐकत होते. एक्स्चेंजमध्येही इतकं कधी ऐकलं नाही. शेवटी दोन टिकांच्या मध्ये खरखर जास्त झाली, मग टिक आहे की माझ्या मनाचं आहे ते कळेना, मग नुसती खरखर. घड्याळ पाहिलं. सात एकतीसला आवाज मोठा झाला होता, सात अठ्ठेचाळीसला संपला. दोन्ही वेळा सवयीनं पाहिलं होतं, आमच्याकडं प्रत्येक कॉलची वेळ पाहायची असे.

पहिल्यांदा मला आनंदच झाला, हे मी शपथेवर सांगते. सुखरूप जाय, म्हटलं. हिमालय कुठं आणि ते मुठीएवढं कुठं. मग तिला सांगायला मोबाइल हातात घेतला, तिचं नाव काढलं, आणि तसाच धरून बसले. म्हटलं नऊला येईल ना फोन, तेव्हा सांगू.

नऊ वाजता फोन आला. "मावशी, अंश?"

मी म्हटलं, "बावन्न."

कसं निघालं तोंडातून ते मला आजही सांगता येत नाही. एवढं सांगू शकते की आमच्या एक्स्चेंजमध्ये एक रीत होती. ज्याला बोलवायचं तो साहेब जागेवर नसला तरी "निघून गेले" असं तोंडावर सांगायचं नाही. "होल्ड कीजिए" म्हणायचं. चौतीस वर्षं मी लोकांना धरून ठेवलं. तिलाही ठेवलं.

"माझ्याकडं काहीच नाही येऊन राहिलं," ती म्हणाली.

"तुझा बांध खोलात हाय, तुले माहीत हाय ना. जेवली काय वं?"

साडेनऊला बावन्न. दहाला बावन्न. रात्रभर बावन्न. कोणी सराईत खोटारडा असता तर त्यानं आकडे फिरवले असते, पन्नास, सत्तर, चाळीस. मला ते जमलंच नाही. एकदा दिलेला नंबर बदलायचा नाही, चुकीचा नंबर जोडायचा नाही, हे हाडात बसलेलं. खोटं बोलतानासुद्धा मी आपली इमानदारीनं एकच नंबर देत राहिले. वर वहीत लिहून ठेवले, ओळीनं, सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी घरीच आली, चेहरा उतरलेला, म्हणाली बरं वाटत नाही. मी भाकर आणि वांग्याची भाजी केली. ती पोटभर जेवली आणि रात्री काम झाल्यावर वरच्या खोलीत झोपली. वरच्या खोलीत दिवा लागला तीन वर्षांनी. मी खाली अंथरुणावर पडून वरून येणारी तिच्या पावलांची चाहूल ऐकत होते आणि मला इतकं बरं वाटून राहिलं होतं की सांगायचं राहूनच गेलं. तिसऱ्या रात्रीही बावन्न.

तिसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी अकराला ती आली. यावेळी फाटक लावलं नाही, ओसरीच्या पायरीवर तशीच बसली. दोन्ही हातांवर बाभळीचे ओरखडे, बूट गाळानं भरलेले.

"ते मेलं मावशी," ती म्हणाली.

मी उभीच राहिले.

"तीन रात्री एका अंशावर. जिवंत घुबड रात्री एका जागी नाही बसत, त्याले खायले फिरा लागते. मी पहिल्या रात्रीच समजली होती, पण तुमाले नाही सांगितलं, तुमी मनाले लावून घ्यान म्हणून." तिनं नाक पुसलं. "दोन दिवसांपासून तुमच्या बावन्नच्या रेघेवर चालून राहिली मी. तुमच्या भिंतीपासून मिलपर्यंत. खालून रिसीव्हरवर काहीच लागत नाही, म्हणून एकेका झाडाखाली पाला उचलून पाहिला. आता त्या रेघेवर एक जुनी विहीर राहिली फक्त. तिकडच्या वस्तीतल्या एका माणसाले दोर घेऊन बोलावलं हाय दुपारी. त्याच्यासंग मी पण उतरते."

"त्या विहिरीत नको उतरू."

"मीच मारलं त्याले," ती म्हणाली आणि रडू लागली. "एवढासा जीव. मी त्याच्या पाठीवर ते ओझं बांधलं. मी नसतं पकडलं तर आज घरी गेलं असतं ते."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तीन दिवसांपासून ते होतंच. पण आतापर्यंत मला एवढंच वाटत होतं की मी तिचे तीन दिवस घेतले. ती माझ्या खोट्यावर भर उन्हात काटे तुडवत एक मेलेलं पाखरू शोधत फिरत असेल, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. ती माझ्या पायरीवर बसून माझ्याच पापासाठी स्वतःला शिव्या देत होती.

मी म्हटलं, "ते नाही मेलं. ते गेलं."

मग सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. सातला गच्चीवर गेले ते, आवाज मोठा झाला ते, चाळीस, पंचवीस, दहा, उत्तर. तिला फोन लावता लावता थांबले ते. का थांबले तेही सांगितलं. "तू जाशील म्हणून," एवढंच म्हटलं. त्याला जास्त शब्द लागत नाहीत.

तिनं माझा हात धरला. "जिवंत हाय? खरंच?"

"हाय. असं खणखणीत गेलं."

ती हसली, रडता रडता. त्या ओरखडलेल्या हातात माझा हात घट्ट होता. मग हळूहळू तो सैल झाला, आणि तिनं तो सोडला. पिशवीतून वही काढली, पेन उघडलं.

"किती वाजता?"

"सात एकतीसले सुरू. सात अठ्ठेचाळीसले संपलं. शेवटचा अंश दोन, म्हणजे जवळजवळ उत्तरच."

पेन तसंच धरून ती म्हणाली, "मावशी, तुमची वही दाखवा."

मी आतून वही आणली आणि तिच्याजवळ पायरीवर बसले. तिनं त्या तारखेचं पान काढलं. नऊ, बावन्न. साडेनऊ, बावन्न. दहा, बावन्न. सात एकतीसची ओळ नव्हती, सात अठ्ठेचाळीसची नव्हती. पुढची दोन पानंही तिनं पाहिली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. रागावली असती तर मी ते झेललं असतं, माझ्यात तेवढा दम आहे. ती रागावली नव्हती.

"हे सात एकतीस मी कशाच्या भरवशावर लिहू?"

"मी या कानांनी ऐकलं वं. मी दुसरं काही खोटं सांगितलं असन, हे नाही."

"हव," ती म्हणाली. "तुमी ऐकलंच असन, मले माहीत हाय. तुमच्यासारखे कान मी नाही पाहिले. पण मावशी, बावन्न बी तुमीच ऐकलं होतं."

तिनं आपल्या वहीत त्या घुबडापुढं, जाण्याची रात्र आणि वेळ यांच्या रकान्यात, दोन शब्द लिहिले: 'माहीत नाही'. माझ्यासमोरच लिहिले, लपवलं नाही. मी तिच्या खांद्यावरून ते वाचलं, आणि मला माहीत होतं.